हातभर बाहेर आलेला पत्रा

दिवाळी अंकासाठी लिहा, असं दिगंबर सर मला म्हणाले तेव्हा मी दुकानाच्या शटरला ग्रीस लावत होतो. मला वाटलं, चेष्टा करतायत.

"सर, माझी आठवीसुद्धा पुरी झालेली नाही."

"म्हणून तर म्हणायलोय. शिकलेल्यांचं लय छापलं आजवर. तुमी तुमच्या धंद्यातलं लिहा. शुद्धलेखन मी बघतो, जास्तीचं झालं तर कापतो."

सर हायस्कुलात मराठी शिकवतात आणि इथल्या काही शिक्षकांनी मिळून चालवलेल्या अंकाचं काम बघतात. त्यांना मी नाही म्हणू शकत नाही. का, ते पुढे येईल. आठ दिवस वहीची पहिली ओळ लिहून खोडतोय. वेल्डिंगचा चष्मा लावून ठिणग्यांकडे बघायला मला भीती वाटत नाही, पण कोरा कागद समोर आला की मी वही मिटून ठेवतो.

मी पत्र्याच्या शेडचं काम करतो. मूळचा कुडाळकडचा. आमच्या गावाजवळ पुलाचं काम चाललं होतं, तिथे रेलिंग जोडायला परभणीहून अन्वर उस्ताद आले होते. वडील नुकतेच गेले होते, शाळा सुटली होती. आईने उस्तादांना घरी बोलावून भात वाढला आणि माझा हात त्यांच्या हातात दिला. उस्ताद एवढंच म्हणाले, "माँ, बच्चा मेरा." ते त्यांनी शेवटपर्यंत पाळलं. आज अठ्ठावीस वर्षं झाली. इथे सगळे मला कोकण्या म्हणतात आणि गावी गेलो की परभणीवाला. दोन्हीकडे मी पाहुणाच. पण ज्या शहराने मला काम दिलं, आजारपणात विचारपूस केली, त्याचे उपकार मी विसरत नाही. म्हणूनच जे झालं ते जास्त टोचतं.

आधी आमचं काम समजावून सांगतो. घर बांधून झालं की माणसाला आणखी काहीतरी लागतंच. गाडीला सावली, जिन्यावर छप्पर, सरपण ठेवायला जागा, अंगणात न्हाणी, गच्चीवर खोली. ते विटांत बांधायला वेळ लागतो, म्हणून लोक आमच्याकडे येतात. चार लोखंडी पाइप रोवायचे, वर अँगलचा सांगाडा, त्यावर हुकांनी पत्रे. तीन दिवसांत काम फत्ते.

आणि इथेच घोळ आहे. प्लॉटच्या चारी बाजूंनी काही जागा मोकळी सोडायची असा नियम असतो. त्याला आम्ही मार्जिन म्हणतो. हवा यावी, आग लागली तर माणूस पळावा, शेजाऱ्याचा उजेड अडू नये, यासाठी. पण लोकांना ती जागा वाया गेलेली वाटते. आपल्या नावावरची जागा, कर आपण भरतो, मग तिथे चार पाइप रोवायला परवानगी कशाची? शिवाय सगळीकडे एक समजूत पक्की आहे, की पत्रा म्हणजे बांधकाम नाही. भिंत बांधली तर बांधकाम, स्लॅब टाकला तर बांधकाम. पत्रा आज आहे, उद्या काढला. खरं तर खांबावर छप्पर आलं की कागदावर ते बांधकामच, नकाशात दाखवावं लागतं. पण हे मी कुणाला सांगायचो नाही. सांगितलं की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं. तिथला माणूसही सांगत नाही.

पोखर्णी रस्त्याला एक गृहस्थ होते, त्यांना मात्र नियमाची बातमी लागली होती. मला म्हणाले, "शिवराम, चाकावर उभ्या असलेल्या वस्तूला कुणी बांधकाम म्हणतं का?"

"माहीत नाही, मालक."

"न्हाई म्हणत. हातगाडीला कुणी परवानगी मागतंय का? तू शेडला चाकं लाव."

जुन्या मळणी यंत्राची चार चाकं त्यांनीच आणली. मी लावली. आठवडाभर ते येणाऱ्या-जाणाऱ्याला शेड ढकलून दाखवत होते. पहिल्या मोठ्या पावसात काळ्या मातीने चाकं आसापर्यंत गिळली, शेड एका अंगाला कललं आणि दार अडकून बसलं. आत त्यांची स्कूटर. बाजूचा पत्रा कापून ती मी बाहेर काढली. पालिकेच्या साहेबांची नोटीस यायच्या आत मातीनेच नोटीस दिली. त्यावर मालक म्हणाले, "चाकं बारकी पडली."

असे प्रसंग पुष्कळ आहेत, आणि सरांना बहुतेक असलंच हवंय. पण मला ज्याच्याबद्दल लिहायचंय ते शेड सरांच्याच घरामागे होतं.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. वसमत रस्त्याकडच्या कॉलनीत सरांचं घर नवीन होतं. त्यांचे वडील हैबतआबा ताडकळसला राहायचे. सरांची आई गेली आणि आबा एकटे पडले. सर त्यांना बोलवत होते, आबा येत नव्हते. शेवटी आबांनी अट घातली, माझ्या शेळ्या येतील तर मी येतो. चार शेळ्या. आयुष्यभर शेळ्या-मेंढ्यांमागे फिरलेला माणूस, त्याला चार भिंतींत नुसतं बसवणार कसं?

सर दुकानात आले. मागच्या बाजूला, कंपाउंडच्या भिंतीला लागून, दहा बाय आठचं शेड हवं होतं. जाता जाता त्यांनी विचारलं, "शिवराम, याला परवानगी वगैरे लागंल का?"

उस्तादांनी नुकतंच दुकान माझ्या हवाली केलं होतं. बायको गावी आईजवळ होती, तिला इथे आणायचं होतं. एकेका कामासाठी जीव वर-खाली होत होता. मी म्हणालो, "पत्र्याला कशाची परवानगी, सर?"

सरांचा माझ्यावर विश्वास होता. ते बरं म्हणाले.

मी शेड उभं करत होतो तेव्हा आबा शेळ्यांसकट येऊन दाखल झाले. डोक्याला फेटा, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. खाली खाटेवर बसून माझं काम बघायचे.

"शिवा, पत्रा लय बाहेर चाललाय बाबा. तिकडं दुसऱ्याची जागा हाय."

"आबा, पत्रा बाहेर नसला तर पाऊस आत मारतो."

"हितं कुठं पडतोय तुमच्यावानी पाऊस? हितं तो येतो, तोंड दाखवतो, जातो."

पण माझा हात ऐकत नव्हता. आमच्या कोकणात छप्पर भिंतीच्या बाहेर चांगलं हातभर सोडतात. पागोळ्या लांब पडाव्यात, भिंतीचा पाया भिजू नये. वडिलांनी मला कामातली शिकवलेली ती एकच गोष्ट. उस्ताद असेपर्यंत ते ओरडायचे आणि मी पत्रा आखूड ठेवायचो. आता ओरडणारं कुणी नव्हतं. पाइप भिंतीला लागून होते, म्हणजे पुढचा हातभर पत्रा शेजारच्या आवारात लोंबत होता. पाणी वळवायला खाली पन्हाळही लावली नाही. काम मात्र देखणं झालं. मी लांब उभा राहून बघितलं आणि मला आमचं घर दिसलं.

त्याच उन्हाळ्यात मला कावीळ झाली. खोलीवर एकटा पडून होतो. आबांना कुणाकडून कळलं ते माहीत नाही. रोज सकाळी किटलीत शेळीचं दूध घेऊन ते चालत यायचे, मी पिऊन संपवेपर्यंत दारात बसायचे. बोलायचे शेळ्यांविषयी. कोणती रुसली, कुणी नातीची वही खाल्ली. निघताना माझ्या कपाळाला हात लावून बघायचे. वडील गेल्यानंतर माझ्या कपाळाला तसा हात कुणी लावला नव्हता.

मग पाऊस सुरू झाला.

सरांच्या शेजारी निर्मलाकाकू राहतात. पोस्टातून निवृत्त झालेल्या, एकट्या. त्यांची देवघराची भिंत नेमकी आमच्या पत्र्यासमोर होती. शेडवरचं सगळं पाणी काकूंच्या बोळात पडून भिंतीवर उडायला लागलं. भिंतीला ओल आली, आतला रंग फुगला. काकू सरांकडे गेल्या नाहीत. शेजार बिघडेल म्हणून त्या सरळ माझ्या दुकानात आल्या. छत्री मिटून शटरला टेकवली आणि म्हणाल्या, "शिवराम, तुझ्या पत्र्याचं पाणी माझ्या देवघरात यायलंय. हातभर काप रे बाबा. दिगंबरला सांगायचं बी काम न्हाई, तू येऊन गुपचूप कापून जा."

एका तासाचं काम होतं. कटर चालवला की झालं.

दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती. मला वाटलं, आत्ता हो म्हटलं तर हे म्हणतील, कोकण्याचं माप चुकतं. उस्तादांनी दुकान दिलं आणि पहिल्याच वर्षी चुकतं. मी घाबरलो, आणि तशा वेळी माझ्या तोंडातून जे येतं ते माझं मलाही आधी माहीत नसतं.

मी म्हणालो, "काकू, ते काम परवानगी घेऊन केलंय. सगळं नियमात बसतंय."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "परवानगी हाय?"

"हो. ऑफिसात कागद आहे."

एकाच शेडबद्दल मी दोन घरांना दोन गोष्टी सांगितल्या. सरांना म्हटलं परवानगी लागत नाही, काकूंना म्हटलं परवानगी घेतलीय. काकूंनी छत्री उचलली आणि गेल्या. मी गिऱ्हाइकांना चहा सांगितला.

पोस्टात जन्म गेलेली बाई. कागद आहे म्हटल्यावर तो कागद बघायला त्या पालिकेत गेल्या. रीतसर अर्ज केला, शेजारच्या शेडला दिलेल्या परवानगीची नक्कल मिळावी म्हणून. नक्कल कुठून मिळणार? परवानगीच नव्हती. आणि असा अर्ज आला की जागेवर येऊन बघणं साहेबांना भाग असतं.

ते आले त्या दिवशी सरांनी मला फोन करून बोलावून घेतलं. साहेब तरुण होते, बोलायला शांत. त्यांच्या टेपची पट्टी मोडली होती म्हणून त्यांनी माझीच टेप मागून घेतली. माझ्याच टेपने त्यांनी माझा पत्रा मोजला. मग पाइप मोजले, भिंतीपासूनचं अंतर मोजलं. मग शेळ्यांकडे बघितलं. वस्तीतल्या प्लॉटवर जनावरं बांधायला वेगळी परवानगी लागते आणि अशा दाटीच्या कॉलनीत ती मिळण्यासारखी नव्हती.

आबा उठून उभे राहिले. "साहेब, शेळ्या गरीब हायेत. आवाज बी करत न्हाईत."

"बाबा, मला दिसतंय. पण मागची जागा मोकळी पायजे, आणि शेळ्या हितं बांधता येत न्हाईत. मुदत देतो, तुमी स्वतःहून काढून घ्या."

काकू त्यांच्या बोळात उभ्या होत्या. त्या पुढे येऊन म्हणाल्या, "साहेब, मला नुसतं पाणी थांबवायचं होतं. शेळ्यांचं मी काय बी म्हणलेलं न्हाई."

"ताई, तुमी परवानगीची नक्कल मागितली. परवानगीच नसली तर आता मी नुसत्या पाण्याचं लिहू शकत न्हाई."

मी हातातल्या टेपची पट्टी आत-बाहेर करत होतो. तेव्हा एक वाक्य बोललो असतो तर निदान माणसं तरी एकमेकांची राहिली असती. शेड गेलंच असतं. पण कुणी कुणाला काय म्हणालं, ते सगळ्यांना कळलं असतं.

शेड मीच काढलं. आबा खाली उभे राहून एकेक पत्रा हातात घेत होते. "जपून काढ शिवा. भोक मोठं झालं तर परत बसत न्हाई."

"आबा, तुम्ही इथेच राहा. शेळ्या गावातल्या कुणाकडे ठेवू."

"आन् मी काय करू हितं? भिंतीला टेकून टीव्ही बघू?" ते हसले. मग पत्र्यावरचा चिखल धोतराच्या सोग्याने पुसत म्हणाले, "दिगूला वाईट वाटू देऊ नको. त्याला म्हणावं, म्हातारं आपल्या मर्जीनं गेलंय."

टेम्पोत पत्रे, पाइप भरले. शेळ्या चढवल्या. मी दोरी बांधत होतो तेव्हा सर माझ्याजवळ आले. त्यांचे डोळे लाल झाले होते.

"शिवराम, काकू म्हणायल्यात की तुमी त्यांना परवानगी घेतलीय म्हणून सांगितलं. म्हणून त्या ऑफिसात गेल्या. खरं हाय का हे?"

काकू त्यांच्या ओसरीवर होत्या. त्यांना ऐकू जाईल एवढंच अंतर होतं. मी दोरीची गाठ आवळत राहिलो, वर बघितलं नाही.

"मी असं कशाला म्हणीन, सर?"

सर म्हणाले, "तेच मी म्हणलं. शिवराम खोटं बोलणार न्हाई."

काकू वळल्या. आत गेल्या. दार लावल्याचा आवाज मला ऐकू आला.

ताडकळसला आबांच्या घरामागे तेच शेड मी पुन्हा उभं केलं. पत्रे चढवायच्या आधी आबा म्हणाले, "हितं हातभर कमी ठेव. शेजारी भावकी हाय, तुझी काकू न्हाई." मी कटरने सगळे पत्रे हातभर कापले. एक तासही लागला नाही.

त्यानंतर मी बाजाराच्या दिवशी अधूनमधून आबांकडे जायचो. दर वेळी ठरवून जायचो, आज सांगायचं. एकदा आबांनीच विषय काढला. "दिगू त्या बाईशी बोलत न्हाई म्हणं. तिचं काय चुकलं? पाणी घरात आलं तर माणूस बोलणारच." शब्द माझ्या ओठांवर आले होते. तेवढ्यात आबांनी चहाचा कप पुढे केला, शेळीच्या दुधाचा. मी चहा प्यालो. मग बसची वेळ झाली.

दुसऱ्या वर्षी आबा शेडमध्ये पाय घसरून पडले. घरात कुणी नव्हतं. दुपारपर्यंत शेळ्या ओरडत होत्या, म्हणून शेजाऱ्यांनी डोकावून बघितलं. सर पोचले तेव्हा आबा गेले होते. दहाव्याला सर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमी लय केलं आमच्यासाठी." तो हात आजही खांद्यावर आहे असं वाटतं.

आता माझ्याकडे कुणी शेड मागायला आलं की मी आधी त्यांचा प्लॉट काढून दाखवतो. ताडकळसला कापलेल्या पत्र्याचा एक तुकडा मी बरोबर आणला होता, त्यावर खडूने. इथे घर, इथे मोकळी जागा, इथे शेजारी. पाणी कुठे पडणार ते बाणाने दाखवतो. ऑफिसात विचारून या म्हणतो. दहातली चार माणसं परत येत नाहीत. बायको म्हणते, तुम्ही गिऱ्हाईक हाकलायलात. ती आता इथली भाषा बोलते.

मागच्या महिन्यात काकूंनी फाटकाची कडी खाली बसवायला बोलावलं. त्यांचे गुडघे गेलेत. कडी वर होती, हात पोचत नव्हता. काम झाल्यावर त्यांनी चहा दिला. देवघराच्या भिंतीवर अजून तो डाग आहे, वर रंग दिलाय तरी दिसतो. मी म्हणालो, "काकू, मी सांगतो सरांना."

"आता कशाला? आबा तर गेले."

मी कप खाली ठेवला. त्या बशी पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "दर दिवाळीला मी दिगंबरसाठी करंज्या जास्तीच्या करते रे. सवयच हाय. मग वाटून टाकते. सांगायचं असंल तर लवकर सांग. मला काय लय दिवाळ्या राहिल्या न्हाईत."

त्यानंतर आठवड्यानेच सर दुकानात आले आणि म्हणाले, लिहा.

सर, हे पहिल्यांदा तुम्हीच वाचणार. लाल पेन घेऊन. माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दुरुस्त करा. चाकाच्या शेडचं जास्तीचं वाटलं तर कापा, कोकणाचंही कापा. पण काकू छत्री घेऊन दुकानात आल्या होत्या ते आणि टेम्पोजवळचं, तेवढं तसंच राहू द्या. तुमच्यासमोर उभं राहून मला ते बोलता आलं नसतं, अकरा वर्षांत आलं नाही.

वाचून झाल्यावर तुम्ही मला विचारायला याल. या, मी दुकानातच असेन. पण तुमच्या घरातून निघालं की आधी काकूंचं फाटक लागतं. त्याची कडी मी खाली घेतलीय, बाहेरूनही सहज निघते.